गोल केलेला कान

मागच्या पावसाळ्यात हाटपिपल्याचे एक गृहस्थ माझ्या देवासच्या दुकानात आले. सहकुटुंब जंगल सफारी करून परतले होते. फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, "भिया, इसमें शेर है. निकाल दो."

मी पाहिलं. फोटो काळा होता, अगदी तव्याच्या बुडासारखा. "कुठे आहे?" असं विचारल्यावर त्यांनी बरोबर मधोमध बोट ठेवलं. घरच्या सगळ्यांनी वाघ पाहिला होता, ड्रायव्हरनंही पाहिला होता, तेव्हा तो फोटोत असणारच असा त्यांचा हिशेब. मी फोटो संगणकावर घेतला आणि अंधार जेवढा उपसता येतो तेवढा उपसला. हळूहळू एक आकार वर आला. तो ड्रायव्हरचा कोपर होता. गृहस्थ बराच वेळ त्या कोपराकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "थोड़ा और साफ करो. पीछे होगा."

माझ्या कामाबद्दल लोकांची समजूत साधारण अशी आहे. अंधारात सगळं असतं, हा माणूस फक्त ते पुसून काढतो. दिवाळी अंकासाठी काही लिहा असं सांगणं आलं, तेव्हा अशाच गमती लिहाव्यात असं मनात होतं. गमती पुष्कळ आहेत. धारच्या एका शेठजींना खरमोर पक्ष्याचा फोटो दिवाणखान्यात लावायचा होता, पण आभाळ निळं हवं होतं. खरमोर आमच्याकडे सरदारपूरच्या माळावर भर पावसाळ्यात येतो, काळ्या ढगांखाली गवतातून उंच उड्या मारतो आणि मादीला आपलं अस्तित्व कळवतो. निळ्या आभाळाखाली तो इथे नसतोच. हे समजावून सांगितल्यावर शेठजी म्हणाले, "उसको क्या पता चलेगा?" खरमोराला कळणार नव्हतं, हे कबूल करावं लागलं.

पण लिहायला बसलो तेव्हा हे सगळं बाजूला राहिलं आणि एकच गोष्ट पुढे येऊन बसली. तीच लिहितो.

आधी माझ्या हाताबद्दल सांगायला हवं. आजोबा इथल्या संस्थानात कारकून होते. संस्थान गेलं, मग वडिलांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, फोटो स्टुडिओ काढला. मी सोळाव्या वर्षी त्यांच्या हाताखाली रिटचिंगला बसलो. निगेटिव्ह उजेडासमोर तिरकी ठेवायची, पेन्सिलीला सुईसारखं टोक काढायचं आणि चेहऱ्यावरचे खड्डे, सुरकुत्या, डाग एकेक ठिपका देऊन बुजवायचे. डाग दिसल्यावर विचार करत बसायचं नाही, हात आपोआप चालला पाहिजे, ही अण्णांची शिकवण. वर्षभरात माझा हात असा चालायला लागला की गिऱ्हाइकं अण्णांऐवजी मला शोधत यायची.

एकदा धारच्या एका मराठी कुटुंबातल्या मुलीचा फोटो स्थळांना पाठवण्यासाठी काढला. गालावर देवीचे व्रण होते, हनुवटीवर मस होता. मी सगळं साफ केलं. मुलाकडची मंडळी उज्जैनहून मुलगी पाहायला आली, पोहे खाल्ले, आणि मुलाची आत्या म्हणाली, "ही थोरली का? आता फोटोतलीला बोलवा." ते लग्न जमलं नाही. पुढे त्या मुलीचं दुसरीकडे झालं आणि चांगलं झालं, ते सोडा. आठवडाभरानं तिचे वडील दुकानात आले. रागावले नाहीत. फोटो काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "हिला आम्ही ओळखत नाही." एवढं बोलून गेले. ते गेल्यावर अण्णा हसले, मीही हसलो. खरं सांगायचं तर मला त्यात माझ्या हाताचं कौतुकच वाटलं होतं.

पन्नाशीनंतर लग्नाच्या ऑर्डरी कमी केल्या आणि मी जंगलाकडे वळलो. सौ. म्हणाली, "चला, आता जनावरांच्या मुंजी लावा." कॅमेरा डिजिटल झाला होता, लेन्स मोठी घेतली, आणि लवकरच एक गोष्ट लक्षात आली. जनावर बाहेर पडतं त्याच वेळी उजेड घरी निघालेला असतो. पहाटेची वीस मिनिटं आणि दिवेलागणीची वीस मिनिटं, एवढाच आमचा मुहूर्त.

ज्यांनी कधी कॅमेरा हातात धरला नाही त्यांच्यासाठी सोपं करून सांगतो. उजेड कमी असला की कॅमेऱ्याची खिडकी जास्त वेळ उघडी ठेवावी लागते. तेवढ्या वेळात जनावरानं नुसतं डोकं वळवलं तरी फोटो हलतो, पुसट येतो. म्हणून खिडकी पटकन मिटायची आणि कॅमेऱ्याची उजेड ओढून घेण्याची ताकद वाढवायची. ती वाढवली की फोटोत दाणे येतात, सबंध चित्रावर कुणी रवा भुरभुरल्यासारखे. हे दाणे नंतर संगणकावर काढता येतात. गोम अशी आहे की संगणकाला दाणा कुठला आणि केस कुठला हे कळत नाही. दाणे काढता काढता तो अंगावरची लव काढतो, मिशांच्या मुळाशी असलेले बारीक ठिपके काढतो, आणि जास्त हौस केलीत तर तुमच्या हातात मेणाचा बिबट्या ठेवतो. थांबायचं कुठे हे माणसानं ठरवायचं असतं. मूळ फोटो मात्र कॅमेऱ्यानं टिपला तसाच्या तसा वेगळ्या फाइलमध्ये राहतो, पूर्वीच्या निगेटिव्हसारखा. तिला आम्ही रॉ म्हणतो. तिला हात लावायचा नसतो.

दोन वर्षांपूर्वी, होळीच्या आधी, मी मांडूच्या डोंगराखाली चार दिवस मुक्काम ठोकून होतो. तिथल्या उतारावर एक पडकी दगडी भिंत आहे, तिच्यामागे बिबट्या येतो अशी खबर होती. तिसऱ्या दिवशी सूर्य मावळला, मी गाडीतून लेन्स बाहेर काढून बसलेलो, आणि भिंतीवर त्याचं डोकं आलं. फक्त डोकं आणि थोडा खांदा. तो माझ्याकडे पाहत होता. मी श्वास धरला आणि तीन फोटो घेतले. चौथ्याला भिंत रिकामी होती.

अर्ध्या तासानं, तिथून दोन शेतं पलीकडे, त्यानं रेसमबाईची बकरी धरली.

रेसमबाई म्हणजे त्या उताराखालच्या वस्तीतली पंचेचाळीस-पन्नासची बाई. बकऱ्या घेऊन घरी चालली होती. बिबट्यानं बकरीचा गळा धरला आणि हिनं बकरीची दोरी सोडली नाही. त्यानं पंजा मारला, गाल कानापासून हनुवटीपर्यंत फाटला, खांद्याचं मांस निघालं, तरी दोरी हातात होती. माणसं ओरडत धावली तेव्हा तो बकरी टाकून पळाला. धारच्या इस्पितळात गालाला टाके पडले. ती बोलायला लागल्यावर पहिल्यांदा बकरीचं विचारलं, आणि नंतर सांगितलं ते हे: "वणी को डावो कान फाटेलो थो." त्याचा डावा कान फाटलेला होता.

वनखात्यानं पिंजरा लावला. पाचव्या दिवशी सकाळी बिबट्या सापडला. मादी होती. दोन्ही कान पुरे.

तिथले रेंजरसाहेब माझ्या ओळखीचे. सावध आणि सरळ माणूस. मला फोन करून म्हणाले, "मास्टरजी, उस शाम का फोटो आपके पास है ना? भेज दो. मिलान करना है. शक रहा तो इसको यहीं छोड़ देंगे. पक्का हुआ तो बाहर भेजना पड़ेगा, और गई तो समझो गई." म्हणजे माणसावर हल्ला करणारी हीच, असं ठरलं तर तिला कायमची बंदिस्त जागेत पाठवणार. काय पणाला लागलं आहे ते त्यांनी मला स्वच्छ सांगितलं होतं. नंतर मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

तीन फोटोंपैकी पहिला मी आधीच साफ करून ठेवला होता. फार सुंदर निघाला होता. सावळी भिंत, तिच्यावर सोनेरी डोकं, डोळ्यांत आभाळाचा उरलासुरला उजेड. देवासला एका प्रदर्शनात तो लावायचं ठरलं होतं. तोच पाठवला. मिशांचे ठिपके साफसफाईत गेले होते, त्यामुळे ओळख पटवायला कान तेवढे उरले होते. कान दोन्ही पुरे होते.

मी मुद्दाम धारला गेलो. वनखात्याच्या लाकूड डेपोच्या आवारात पिंजरा ठेवला होता, वर हिरवं कापड. वस्तीतली पाच-सहा माणसं रेसमबाईला घेऊन आली होती. गालावर पट्टी, खांदा बांधलेला. तिनं कापडाच्या फटीतून आत पाहिलं आणि लगेच मागे सरली.

"या नी हे."

"कैसे नहीं है?" रेंजरसाहेब म्हणाले.

"म्हने कियो नी, कान फाटेलो थो. इको तो साबुत हे."

साहेबांनी खिशातून फोन काढला, माझा फोटो तिच्यापुढे धरला. "देखो बाई. उसी शाम का है, उसी जगह का. इसका कान देखो."

रेसमबाईनं फोटो पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं, कारण फोटो काढणारा हाच असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. "यो वो नी हे," ती म्हणाली.

बरोबरचा एक जण हसला. म्हणाला, "काकी, घबराट में बकरी को कान देख्यो होगा." सगळे हसले. मीही हसलो असेन. मला समजूतदारपणे बोलल्याचं आठवतं: "बाई, अंधेरा हो गया था. आँख धोखा खाती है, कैमरा नहीं खाता." हे वाक्य माझं आहे. ती बाई त्या जनावरापासून हातभर अंतरावर होती, आणि मी शंभर पावलांवर, गाडीत. ती पदर सावरून निघाली. मादीला रविवारी सकाळी पाठवायचं ठरलं.

गुरुवारी देवासला आलो. प्रदर्शनासाठी प्रिंट मोठी हवी होती, म्हणून मूळ रॉ फाइल पुन्हा उघडली. पडद्यावर तो दाणेदार, मळकट फोटो पसरला. सौ. चहा घेऊन आली, उभ्या उभ्या पाहून म्हणाली, "अहो, याचा कान काय उंदरानं कुरतडलाय?"

मी पाहिलं. डाव्या कानाच्या कडेला अर्धचंद्रासारखा तुकडा नव्हता. मागे झुडूप होतं, दाण्यांत सगळं कालवलेलं, पण तुकडा नव्हता हे नक्की. मग आठवलं. साफ करताना कानाची कड तुटकी दिसत होती. दाण्यांमुळे खराब झाली असेल असं वाटून मी ब्रश घेतला आणि एका फटक्यात कान गोल केला. वाटून असं म्हणतो आहे, पण वाटण्याइतका वेळही गेला नव्हता. हात आपोआप चालला होता. चाळीस-पंचेचाळीस वर्षं तो तसाच चालत आला होता, आणि त्याचं मला भूषण होतं.

त्याच क्षणी फोन उचलायला हवा होता. मी उचलला नाही.

मी स्वतःला सांगितलं, झुडपाचं पान मध्ये आलं असेल. हे सांगताना दुसऱ्या आणि तिसऱ्या फोटोच्या रॉ फाइली शेजारीच आहेत हे मला माहीत होतं. ते उघडायला मी शुक्रवार संध्याकाळ केली. दुसऱ्यात डोकं जरा खाली होतं, तिसऱ्यात वळलेलं. तिन्हीत तो तुकडा कानाबरोबरच हलला होता. पान असतं तर जागच्या जागी राहिलं असतं. तरी शनिवार गेला. प्रदर्शनाचं निमंत्रण छापून आलं होतं, त्यावर हाच फोटो होता. साहेबांना काय सांगायचं, कसं सांगायचं, याची मी मनात वाक्यं जुळवत होतो. धारची हकीकत तोवर सौ.ला कळली होती; जेवताना तिनं विचारलं, "त्या बाईचा कान बरोबर होता ना?" मी म्हणालो, "बाईचा नाही, बिबट्याचा." ती म्हणाली, "तेच विचारतेय," आणि ताटं उचलली. मी घाबरलो होतो. माझ्या नावाला डाग लागेल म्हणून घाबरलो होतो, दुसरं काही कारण नव्हतं.

सोमवारी सकाळी फोन केला. गाडी रविवारी पहाटेच निघून गेली होती.

कुठला कान, ते साहेबांनी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, "मास्टरजी, ये शनिवार को बोल देते." त्यांनी तिन्ही मूळ फोटो मागवून घेतले, वर पत्र लिहिलं, मादी परत मिळावी म्हणून खटपट केली. जिथे तिला ठेवलं होतं तिथून उत्तर आलं की तिला आता माणसाची सवय लागली आहे, बाहेर सोडण्याचा विचार तपासणीनंतर होईल. ती तपासणी अजून व्हायची आहे. फाटक्या कानाचा पुन्हा दोनदा वस्तीजवळ दिसला, एक वासरू नेलं, आणि नंतर डोंगराच्या दुसऱ्या अंगाला निघून गेला. पिंजऱ्यात तो आलाच नाही.

प्रदर्शनातून फोटो काढून घेतला. ते सोपं होतं. वस्तीवर जाणं अवघड होतं, ते चैत्रात केलं.

रेसमबाई अंगणात बकऱ्यांना पाला घालत होती. ती दोरीची बकरीही होती, मानेवर केस न आलेला पट्टा. बाईच्या गालावरची पट्टी निघाली होती, व्रण जाड आणि गुलाबी होता. मी दोन्ही फोटो तिच्यापुढे ठेवले, मूळ आणि साफ केलेला, आणि काय केलं ते सांगितलं. संगणक, दाणे, ब्रश हे तिला समजलं का माहीत नाही. शेवटी म्हणालो, "कान मैंने बनाया था."

तिनं दोन्ही फोटो शेजारी शेजारी धरले. "तो म्हारी वात साची थी." म्हणजे तिचंच म्हणणं खरं होतं.

"हाँ."

"म्हारा सामने कई बोले," ती म्हणाली. "वणा के सामने बोल, जो हँस्या था."

माझ्यासमोर काय सांगतोस, जे हसले होते त्यांच्यासमोर सांग. त्या दिवशी संध्याकाळी वस्तीच्या टोकाला चहाच्या टपरीवर मी ते सांगितलं. डेपोत हसलेला तो माणूसही होता. मी उभा राहून बोललो, बाई ठीक बोलत होती, आणि चूक कॅमेऱ्याची नव्हती, माझी होती.  एकानं चहा पुढे केला. रेसमबाई जरा दूर, पदर डोक्यावर घेऊन उभी होती. ऐकून झाल्यावर आली आणि म्हणाली, "अब म्हारो फोटू खेंच."

मी घड्याळ पाहिलं. उजेड संपत आला होता. म्हणालो, सकाळी काढू, आता नीट येणार नाही. ती म्हणाली, "जसो आवे वसो आवा दे." ती भिंतीला पाठ लावून बसली, व्रणाची बाजू माझ्याकडे करून. आयुष्यात मी हजारो बायकांचे फोटो काढले असतील, ही बाजू मुद्दाम पुढे करणारी ही पहिलीच.

प्रिंट करताना माझा हात तीनदा ब्रशकडे गेला हे सांगून टाकतो. तीनदा मागे घेतला. दाणेही ठेवले. पंधरा दिवसांनी फोटो घेऊन गेलो. रेसमबाईनं तो दोन्ही हातांत धरला, बोटानं गालावरची रेघ वरून खाली फिरवली, आणि म्हणाली, "हव. या म्हूँ हूँ." हो, ही मीच.

मला धारचे ते मुलीचे वडील आठवले.

मग तिनं विचारलं, "अन वा? पाछी कद आवेगी?"

ती मादी परत कधी येणार, हे विचारत होती. मी म्हणालो, "चिट्ठी गई है." तिनं मान हलवली. फोटो पुन्हा उजेडाकडे धरला, डोळे बारीक केले, आणि लुगड्याच्या पदरानं तो पुसायला लागली. ते दाणे म्हणजे फोटोवर बसलेली धूळ असं तिला वाटलं. एकदा पुसला, पाहिला, पुन्हा जोरानं पुसला.

"यो तो जाय नी," ती म्हणाली.

"नहीं जाएगा," मी म्हणालो.